सात माणसं, दोन बंदरं, साठ हजार रुपये : परभणीच्या एका कुटुंबाच्या क्रूझ-सहलींचा हिशेब

परभणीचं एक एकत्र कुटुंब. आजोबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखरे, साखरेच्या गोळ्या चालू. आजी ६६ वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी. थोरला मुलगा आणि सून, धाकटा मुलगा आणि सून, आणि थोरल्याचा १४ वर्षांचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ ठरली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मलेशियातलं पिनांग, तिसऱ्या दिवशी थायलंडमधलं फुकेत, चौथा दिवस नुसता समुद्र, पाचव्या दिवशी सकाळी परत सिंगापूर. मुंबईपर्यंतची रेल्वे, पुढचं विमान, केबिन, व्हिसा यांचे पैसे भरून झाले आहेत. उरला तो किनाऱ्यावरच्या दोन दिवसांचा खर्च. त्यासाठी ६०,००० रुपये ठरले आहेत आणि तो आकडा वाढणार नाही.

कुटुंब नमुन्यादाखल घेतलं आहे. दर हिशेबापुरते धरलेले आहेत : डॉलर ९० रुपये, रिंगिट २१ रुपये, बाहत २ रुपये ८० पैसे.

जहाजाच्या ॲपवर घरातल्या सगळ्यांना आवडल्या त्या दोन सहली अशा : पिनांगला शहर आणि देवळं, माणशी ७२ डॉलर, फुकेतला बेटाची सफर, माणशी ८९ डॉलर. सात माणसांचे ११२७ डॉलर, म्हणजे १,०१,४३० रुपये. मर्यादेच्या जवळजवळ पावणेदोन पट. इथे घराघरांत दोनच गोष्टी सुचतात. एक, 'मग जहाजावरच बसू'. दुसरी, 'खाली उतरल्यावर बघू काय मिळतं ते'. पहिलीत बंदराचे कर भरूनही बंदर बघायचं राहतं. दुसरीत धक्क्यावरचा पहिला टॅक्सीवाला जो भाव सांगेल तो द्यावा लागतो, कारण घाई आपल्याला असते, त्याला नसते.

माणशी भाव आणि गाडीचा भाव

परभणीहून तुळजापूर-अक्कलकोट करायचं तर माणशी किती, असं कुणी विचारत नाही. गाडी केवढ्याला आणि रात्रीचा मुक्काम कुणाच्या अंगावर, एवढंच विचारतो. क्रूझच्या सहलीत हीच सवय विसरली जाते, कारण ॲपवर माणशी दर दिसतो. जहाजाची सहल माणसागणिक महाग होत जाते. ठरवलेली गाडी माणसागणिक स्वस्त होत जाते. दोघांच्या जोडप्याला जहाजाची सहल कधी कधी परवडतेही. सात जणांना क्वचितच.

मग जहाजाची सहल घ्यायची तरी कशाला? तिच्यात गाडी आणि गाइडशिवाय आणखी एक गोष्ट विकत मिळते : परतीची खात्री. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. आपण ठरवलेली गाडी घाटात अडकली तर जहाज सुटतं. म्हणून प्रत्येक बंदराला एकच प्रश्न विचारायचा : इथून परत येताना किती गोष्टी बिघडू शकतात? जिथे पायी परत येता येतं तिथे खात्री विकत घ्यायची गरज नाही. जिथे मध्ये समुद्र आहे तिथे ती स्वस्तात शोधू नये.

या मापाने पिनांग आणि फुकेत ही दोन अगदी वेगळी बंदरं आहेत.

पिनांग : सहल विकत घ्यायची नाही

पिनांगला जहाज स्वेटनहॅम पियरला थेट धक्क्याला लागतं. हा धक्का जॉर्जटाउनच्या जुन्या शहराला चिकटून आहे. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट जिथे उतरला त्या जागेचा फोर्ट कॉर्नवॉलिस हा किल्ला पाच-सात मिनिटांवर. लिटल इंडियाच्या गल्ल्या आणि क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ चं श्री महामारिअम्मन मंदिर सावकाश चालत पंधरा मिनिटांत. २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेला भाग हाच, म्हणजे जे बघायचं ते बोटीवरून उतरल्यावर समोरच आहे. इथे माणशी ७२ डॉलर देऊन बसमध्ये बसणं म्हणजे पायी जाण्याचं भाडं भरणं.

लांबची जागा एकच, पिनांग हिल. धक्क्यापासून साधारण नऊ-दहा किलोमीटर, वर जायला १९२० च्या दशकापासून चालू असलेली आणि २०११ मध्ये नव्या डब्यांची झालेली दोरखेच रेल्वे. नातू, धाकटा मुलगा आणि दोघी सुना यांना ती बघायची आहे. आजोबांना गर्दीत उभं राहणं नको आहे.

इथे सातव्या माणसाचा प्रश्न येतो. टॅक्सी बोलावण्याच्या ग्रॅब ॲपवरच्या साध्या गाडीत चार जण बसतात, मोठ्या गाडीत सहा. सात जणांना दोन गाड्या लागतात, म्हणजे एकट्या सातव्या माणसासाठी दुसऱ्या गाडीचं अख्खं भाडं. सगळ्यांनी मिळून जायचं ठरवलं की गाड्यांचा खर्च दुप्पट, शिवाय तिकिटं सात. फुटून जाण्यात पैसे वाचतात आणि आजोबांचे पायही. चार जण टेकडीवर, एका गाडीत. आजी-आजोबा आणि सोबतीला थोरला मुलगा, असे तिघं शहरात.

जहाज दुपारी २ वाजता लागतं, रात्री १० वाजता सुटतं, सगळ्यांनी ९ पर्यंत आत यायचं आहे. या आठ तासांतले पहिले पाऊण-एक तास उतरण्याच्या रांगेत जातात. म्हणून चौघांचं वेळापत्रक असं : ३ च्या सुमारास धक्क्याबाहेर, ४ वाजेपर्यंत खालच्या स्टेशनवर, आणि पावणेपाचपर्यंत डब्यात पाऊल पडलं नाही तर टेकडी सोडून परत फिरायचं. ही पावणेपाचची रेषा घरीच ठरवून टाकायची. रांगेत तासभर उभं राहिल्यावर 'आता आलोच आहोत तर' हे वाक्य हमखास निघतं, आणि मग पुढचं सगळं सरकतं. उतरायचं पावणेसहापर्यंत. संध्याकाळच्या गर्दीत परतीला पाऊण तास धरायचा आणि त्या वेळेला ग्रॅबचे दर चढतात हेही. गाडी मिळालीच नाही तर खालच्या स्टेशनवरून २०४ नंबरची रॅपिड पिनांग बस जेट्टीपर्यंत येते. ती हळू आहे, पण धक्क्याजवळच सोडते.

दिवाळीच्या आसपास दोन गोष्टी तपासायच्या. मलेशियात सारावाक हे राज्य सोडून सगळीकडे दीपावलीची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी टेकडीवर स्थानिक लोकांची झुंबड आणि लिटल इंडियातली काही दुकानं बंद. आणि या दिवसांत पिनांगला दुपारनंतर पाऊस कोसळतो. ढग टेकडीवर उतरले असतील तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. त्यासाठी टेकडीची तिकिटं आधी ऑनलाइन काढून ठेवायची नाहीत. जहाज उशिरा लागलं किंवा पाऊस आला तर ते पैसे गेले. रांग थोडी लांब, पण हात मोकळे.

शहरातल्या तिघांचा दिवस सोपा आहे : मंदिर, साड्यांची-फुलांची दुकानं, तासभर सायकलरिक्षा. इथली सायकलरिक्षा उलटी असते. प्रवासी पुढे, चालवणारा मागे. दोघं बसतात; तिसऱ्याने बाजूने चालायचं किंवा दुसरी करायची. भाव तासाचा ठरवायचा आणि तो माणशी की रिक्षामागे हे आधी बोलून घ्यायचं. भांडण होतं ते इथेच.

रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, लिटल इंडियातल्या केळीच्या पानावरच्या शाकाहारी खानावळीत. आजींसाठी ही जागा आधीपासून ठरलेली असणं महत्त्वाचं आहे. रस्त्यावरच्या गाड्यांवर 'भाजीचं आहे' असं सांगितलेल्या पदार्थातही कोळंबीची वाटलेली पेस्ट किंवा माशाचं पाणी असतं. पिनांगचा प्रसिद्ध लाक्सा तर माशाच्याच रश्शावर बनतो. पावणेआठला ताटावरून उठायचं, चालत सव्वाआठला जहाजावर. ९ ची मुदत आणि सव्वाआठ यांतला पाऊण तास कुणी खरेदीला वापरायचा नाही.

फुकेत : इथे दोन भाव लागतात

फुकेतला मोठी जहाजं बहुधा पातोंगच्या खाडीत नांगर टाकतात. धक्का नाही. छोट्या बोटींनी, ज्यांना टेंडर म्हणतात, माणसं किनाऱ्यावर नेली जातात. टेंडरचे तीन परिणाम हिशेबावर होतात.

पहिला, वेळ. जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी उतरवतात. बाकीच्यांना नंबराची चिठ्ठी घेऊन बसावं लागतं. जहाज साडेआठला थांबलं तरी स्वतः ठरवलेल्या सहलीला जाणाऱ्यांचे पाय साडेदहाच्या आधी वाळूवर टेकतील असं धरू नये. दुसरा, शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या बरीच आधी निघते. या फेरीत जहाज ७ वाजता सुटतं आणि शेवटची टेंडर साडेपाचची. तिसरा, आजोबांचे गुडघे. जहाज आणि टेंडर दोन्ही हलत असतात आणि मधलं पाऊल टाकावंच लागतं. लाटा मोठ्या असतील तर कर्मचारी काठीवाल्या किंवा चाकाच्या खुर्चीवाल्या माणसाला थांबवूही शकतात. आजोबांना उतरता येईलच असं गृहीत धरून पैसे गुंतवायचे नाहीत.

नातवाला फी फी बेटं बघायची आहेत. इथेच बहुतेकांचं बजेट आणि कधी कधी जहाजही चुकतं.

किनाऱ्यावरच्या एजंटांकडे फी फीची स्पीडबोट जहाजाच्या भावापेक्षा खूप स्वस्तात मिळते. पण त्या सहली हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या असतात : सकाळी सात-साडेसातला हॉटेलातून उचलायचं, संध्याकाळी साडेचार-पाचला परत सोडायचं. सकाळी त्या निघतात तेव्हा आपण अजून जहाजावर न्याहारी करत असतो. आणि त्या परततात तेव्हा शेवटची टेंडर गेलेली असते. कुणी एजंट 'तुमच्यासाठी उशिरा निघू' म्हणाला तरी गणित जुळत नाही. पातोंग फुकेत बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोटी सुटतात त्या जागा पलीकडच्या अंगाला. गाडीने पाऊण तास, बोटीने जवळजवळ एक तास, आणि तेवढंच परत. मधे समुद्र उसळला किंवा इंजिन बंद पडलं तर पर्यायी रस्ता नाही. फी फी करायचंच असेल तर ते जहाजाच्याच सहलीने. नाहीतर करायचं नाही. मधला मार्ग नाही.

म्हणून ठरलं ते असं : नातू आणि त्याचा काका, दोघंच जहाजाच्या फी फी सहलीला. माणशी १२९ डॉलर, दोघांचे २५८, म्हणजे २३,२२० रुपये. फी फी बेटं ज्यात येतात त्या राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क, परदेशी प्रौढाला ४०० बाहत, सहलीत धरलंय का हे सहलीच्या तपशिलात वाचायचं. नसेल तर ते तिथे रोख भरावं लागतं. खरं सांगायचं तर हा आकडा टोचणारा आहे. दोघांच्या एका दिवसाला जवळजवळ तेवढे पैसे, जेवढे सातही जणांच्या बाकी सगळ्या फिरण्याला. घरात यावर मतभेद झाले तर ही पहिली कात्री लावायची जागा आहे. पण मुलाला नाही म्हणून काकाने मग किनाऱ्यावर स्वस्त बोट शोधायची, हा तोडगा मात्र नको.

उरलेल्या पाच जणांना व्हॅन. ड्रायव्हरसह दिवसभराची, इंधन आणि पार्किंग धरून ३२०० बाहतपर्यंत. पाच जणांना सहा आसनी गाडी चालली असती, पण आजोबांना पाय लांब करता यावेत आणि मधली रिकामी सीट उपयोगी पडावी म्हणून व्हॅन. गाडी आधी ठरवताना चॅटवर या गोष्टी लिहून घ्यायच्या : एकूण भाव गाडीचा आहे, माणशी नाही; किती तास; जादा तासाला किती; रत्नांचं दुकान, मधाचं दुकान, काजू कारखाना असे थांबे नकोत. शेवटची अट लिहिली नाही तर दोन तास तिकडेच जातात. ड्रायव्हरला तिथून कमिशन मिळतं, आणि कधी कधी स्वस्त भाव त्याच भरवशावर दिलेला असतो. म्हणून बाजारभावापेक्षा खूपच कमी दर सांगणारी गाडी घेऊ नये.

फेरी छोटी ठेवली आहे. पातोंगहून दक्षिणेला कारोनचा तीन किनारे दिसणारा कठडा, मग वाट चालोंग हे बौद्ध मंदिर, मग फुकेतचं जुनं शहर, आणि डोंगरावरून परत पातोंग. मंदिरात प्रवेश मोफत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी-पंजाबी ड्रेसला अडचण नाही, हाफ पँट घातलेल्याला येते. जुन्या शहरात थलांग रस्त्यावरची रंगीत चिनी-पोर्तुगीज घरं कथिलाच्या खाणींच्या पैशातून उभी राहिली. सावलीतून सावकाश बघता येतात, म्हणून आजोबांसाठी हीच जागा जेवणाची. शाकाहारी खाणं शोधताना पिवळ्या पाटीवर लाल रंगात 'जे' हे थाई अक्षर असलेली दुकानं बघायची. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. साध्या हॉटेलात भाजीतही माशाचा सॉस पडतो.

जुन्या शहरातून पातोंगला येणारा डोंगरी रस्ता जेमतेम पंधरा किलोमीटरचा, पण वळणांचा आणि चढाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अतिवृष्टीने तो खचला होता आणि वाहतूक बंद करावी लागली होती. त्यामुळे परतीला अर्धा तास पुरतो असं कुणी म्हटलं तरी पाऊण तास धरायचा आणि पाऊस असेल तर आल्या वाटेने, कारोनकडून, निघायला ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायचं.

एक तासाचा सापळा

सिंगापूर आणि पिनांगचं घड्याळ एकच. फुकेतचं एक तास मागे. जहाज बहुधा स्वतःची वेळ धरून चालतं. या फेरीत ती सिंगापूरची आहे. म्हणजे शेवटची टेंडर जहाजाच्या साडेपाचला, पण फुकेतमध्ये तेव्हा साडेचार वाजलेले असतात. किनाऱ्यावर पाय ठेवताच फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, आणि पाच जणांना वाटतं अजून तासभर आहे. पाच वाजले म्हणून निवांत नारळपाणी पिणाऱ्या माणसाची शेवटची बोट अर्ध्या तासापूर्वीच गेलेली असते.

उपाय : सगळ्यांच्या फोनमधला आपोआप वेळ बदलण्याचा पर्याय जहाजावरच बंद करायचा आणि आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावायचं. त्या दिवशी तेच अधिकृत घड्याळ. ड्रायव्हरशी मात्र स्थानिक वेळेतच बोलायचं, नाहीतर उलटा गोंधळ होतो. गाडी सकाळी १० ला, पातोंगला परत साडेतीनला, दोन्ही फुकेतच्या वेळेने. म्हणजे शेवटच्या टेंडरच्या आधी एक तास हातात. काही जहाजं स्थानिक वेळ स्वीकारतात. त्यामुळे आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात कुठली वेळ छापली आहे ते वाचल्याशिवाय ड्रायव्हरला अंतिम वेळ कळवायची नाही.

जहाज चुकलंच तर काय? पुढचं बंदर सिंगापूर, तेही दोन दिवसांनी. म्हणजे फुकेत-सिंगापूरची ऐनवेळची तिकिटं, एक-दोन रात्रींचं हॉटेल, आणि आपल्या चुकीने जहाज सुटलं तर प्रवास विमा बहुधा हात वर करतो. काही फेऱ्यांमध्ये पासपोर्ट जहाज कंपनीकडे ठेवलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाजवळ पासपोर्टची आणि सिंगापूर व्हिसाची छायाप्रत हवी. पत्रकावर छापलेला जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटाचा नंबर फोनमध्ये नाही, कागदावर. आजोबांच्या गोळ्या दोन दिवसांच्या, खिशात.

हिशेब

पिनांग, रिंगिटमध्ये :
टेकडीला जाता-येता गाडी ६०
टेकडीची तिकिटं चौघांची १२०
सायकलरिक्षा ८०
सातांचं जेवण १७५
पाणी, किरकोळ ४५
एकूण ४८०, म्हणजे १०,०८० रुपये

फुकेत, पाच जण, बाहतमध्ये :
व्हॅन ३२००
ड्रायव्हरला बक्षीस २००
जेवण १२५०
पाणी, मंदिर, किरकोळ ३५०
एकूण ५०००, म्हणजे १४,००० रुपये

फुकेत, काका-पुतण्या, जहाजाची सहल : २३,२२० रुपये
दोन फोनांसाठी इंटरनेट : २,००० रुपये

बेरीज ४९,३०० रुपये. हातात राहतात १०,७००. ही रक्कम उरलेली म्हणून खर्चायची नाही. दोन गाड्या ऐनवेळी कराव्या लागल्या, उद्यानाचं शुल्क वेगळं निघालं, कुणाला डॉक्टरकडे न्यावं लागलं, तर त्यासाठी ती आहे.

इंटरनेटचे दोन हजार काटकसर म्हणून कापू नयेत. फुटून फिरायचं तर प्रत्येक गटात एक चालू फोन हवाच, ग्रॅबही त्याशिवाय चालत नाही. पण जहाजावर परतताच फोन फ्लाइट मोडवर. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही. एका रात्रीचं बिल व्हॅनच्या भाड्याएवढं येऊ शकतं.

रोकड परभणीत मिळेलच असं नाही, मुंबईत घ्यायची. रिंगिट थोडे न्यायचे. कमी पडले तर लिटल इंडियात पैसे बदलून देणारी दुकानं आहेत. बाहत मात्र पुरेसे हवेत. थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी २०० बाहतच्या वर शुल्क लावतात, त्यामुळे काढायचेच झाले तर एकदाच आणि मोठी रक्कम. यंत्र 'रुपयांत व्यवहार करू का' असं विचारतं तेव्हा नाही म्हणायचं आणि बाहतच निवडायचे. रुपयांतला दर त्यांच्या सोयीचा असतो.

बिघडलं तर

सगळ्यात मोठी शक्यता टेंडर रद्द होण्याची. अंदमान समुद्र मे ते ऑक्टोबर खवळलेला असतो, नोव्हेंबरपासून शांत होत जातो, पण सुरुवातीच्या दिवसांची हमी नाही. बंदर रद्द झालं तर जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात. व्हॅनचे येतीलच असं नाही. म्हणून व्हॅनला आगाऊ रक्कम पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त द्यायची नाही. पूर्ण पैसे आधी मागणारा बाद.

दुसरी, आजोबांना टेंडरमध्ये बसता आलं नाही. मग थोरला मुलगा त्यांच्याबरोबर जहाजावर थांबतो, आणि आजी व दोघी सुना अशा तिघींना अख्ख्या व्हॅनची गरज उरत नाही. ड्रायव्हरशी आधीच बोलून ठेवायचं : माणसं कमी झाली तर अर्धा दिवस, फक्त जुनं शहर, आणि त्याचा भाव वेगळा. हे वाक्य आधी लिहिलेलं असलं की किनाऱ्यावर घासाघीस होत नाही.

तिसरी, कागद. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापुरात येतं, त्यामुळे सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचाच हवा, आणि परतीलाही सिंगापूरचं आगमन-कार्ड पुन्हा भरावं लागतं. मलेशिया आणि थायलंड यांनी २०२३ च्या अखेरीपासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला, पण या सवलती मुदतीच्या असतात आणि बदलतात; प्रवासाच्या महिन्यातला नियम बघायचा. आगमन-कार्डं सरकारी संकेतस्थळांवर मोफत भरता येतात. शोधताना वर येणारी बरीच स्थळं त्याचेच पैसे घेतात.

फराळाच्या डब्याबद्दलही एक गोष्ट. खसखस सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, परवानगीशिवाय नेता येत नाही. अनारसे घरीच खाऊन निघावं. खायची तंबाखू, गुटखा, मिश्री यांनाही तिथे बंदी आहे, आणि हे आजींना विमानतळावर सांगण्यात अर्थ नाही. चकली-शंकरपाळे बंद पाकिटात चालतात, पण जहाजावरचं उघडं जेवण आणि फळं बंदरात उतरवता येत नाहीत.

काय आधी, काय नंतर

फी फीची सहल सर्वांत आधी, निघण्याच्या दोन महिने अगोदर ॲपवरून घ्यायची. जागा संपतात, आणि जहाजावर चढल्यावर भाव बहुधा जास्त असतो. घेतल्यावरही आठवड्यातून एकदा तोच भाव बघत राहायचं. सवलत आली तर रद्द करून पुन्हा घेता येते, फक्त रद्द करण्याची मुदत आणि परतावा कसा मिळतो हे आधी वाचलेलं हवं. कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरताना बँकेचं परकीय चलन शुल्क आणि त्यावरचा जीएसटी लागतो, तो दरात धरायचा.

व्हॅन तीन आठवडे आधी. पिनांगसाठी आरक्षण काहीच नाही, फक्त ग्रॅब ॲप परभणीतच उतरवून भारतीय नंबरवर चालू करून घ्यायचं. ओटीपी येण्यासाठी तो नंबर रोमिंगवर चालू राहिला पाहिजे. आगमन-कार्डं पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. पिनांग झाल्यावर, फुकेतच्या आदल्या रात्री, पत्रकातल्या तीन ओळी वहीत उतरवायच्या : जहाज कुठली वेळ पाळतंय, शेवटची टेंडर कधी, एजंटाचा नंबर काय. मग पिनांगला घेतलेल्या इंटरनेटची मुदत संपण्याआधी किंवा जहाजाच्या वायफायवरून ड्रायव्हरला एकच संदेश : 'उद्या सकाळी १०, फुकेतची वेळ, पातोंगच्या किनारी रस्त्यावर, परत ३.३०, फुकेतची वेळ. टेंडर रद्द झाली तर ९ पर्यंत कळवू.'